व्याह्यांच्या भिंगाखाली

देवाने लाजेचं वाटप केलं त्या दिवशी माझे व्याही रांगेत उभेच राहिले नसावेत, आणि त्यांच्या वाट्याची लाज चुकून माझ्या पदरात पडली असावी. एवढा निर्लज्ज आणि एवढा निर्मळ माणूस मी उभ्या सोलापुरात दुसरा पाहिलेला नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. इथल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक जसा नातवंडांत, देवळांत किंवा शेअरबाजारात जीव रमवतात तसा त्यांनी माणसाच्या डोक्यात जीव रमवला. डोक्यातल्या विचारांशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. डोक्यावरची कातडी, त्या कातडीवर राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्या जिवांचं आपसात बिनसलं की पडणारा कोंडा, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कानांजवळची झालर सोडली तर एक केस नाही. "केस म्हणजे नुसती झाडी हो," ते म्हणतात, "आपल्याला जमिनीशी काम." शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक भिंग आणि चिकटपट्टीचं रीळ असतं, हातात बारा महिने काळी छत्री असते, आणि समोर कुणीही आला, अगदी कलेक्टर आला, तरी त्यांची नजर त्याच्या तोंडाकडे न जाता आधी खांद्यांवर जाते.

आणि मला कॉलेजात असल्यापासून कोंडा आहे. हे वाक्य लिहितानाही मी एकदा मागे वळून पाहिलं, कुणी वाचत तर नाही ना म्हणून. कोंड्याने माणूस मरत नाही हे खरं, पण चारचौघांत मान खाली घालायला लावणारी अशी दुसरी व्याधी नाही, आणि मान खाली घातली की तो आणखी पडतो. मी एका बँकेत नोकरी केली आणि शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. त्या सगळ्या काळात पांढरा, मोतिया आणि सायीचा सोडून चौथ्या रंगाचा शर्ट मी अंगाला लावला नाही. पंख्याखाली बसलो नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पंख्याखाली न बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. डोकं खाजवायचं झालं तर तिजोरीच्या खोलीत जाऊन खाजवलं. त्यामुळे माझ्याबद्दल गावात भलताच गैरसमज पसरला. कपडे पांढरे, पंख्याची हाव नाही, मधूनच उठून एकटा आत जाऊन बसतो, असं बघून लोकांनी मला सात्त्विक ठरवून टाकलं. हळदीकुंकू सोडून सगळ्या कार्यक्रमांना मला अध्यक्ष म्हणून बोलावणं येई. एका व्यसनमुक्ती मंडळाने तर सत्कार केला. शाल गडद निघाली तेव्हा मला व्यासपीठावरच घाम फुटला, आणि ती खांद्यावर पडायच्या आत मी हातावर घेतली. लोकांना तोही माझा विनय वाटला.

मुलीला पाहायला ही मंडळी आमच्याकडे आली त्या दिवशी मी सकाळपासून धास्तावलेलो होतो. कोंडा तिलाही आहे, माझ्याकडूनच आलेला. बायकोने तिला फिकट बदामी साडी नेसवली आणि मला दारामागच्या, उजेड न पोचणाऱ्या खुर्चीत बसवलं. पोहे झाले. मुलाच्या आईने स्वयंपाकाचं विचारलं, मुलाने नोकरीचं विचारलं. मुलाचे वडील तोवर गप्प होते. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, धोतरासारखं पुसायला काही नव्हतं म्हणून पँटच्या गुडघ्यावर पुसलं आणि विचारलं, "शाम्पू लावलास की लगेच धुतेस, का थांबतेस?"

मी खुर्ची आणखी दाराआड सरकवली. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "औषधी असला तर पाच मिनिटं थांबते. नाहीतर उपयोगच होत नाही ना त्याचा. बाबांनाही कितीदा सांगते. ते लावतात की लगेच धुऊन टाकतात."

सगळ्यांच्या माना माझ्या अंधाऱ्या खुर्चीकडे वळल्या. व्याही उठले, छत्री टेकत माझ्यापाशी आले, खांद्यावर वाकले आणि गहिवरल्यासारखे म्हणाले, "अरे वा! अहो, काय लाजायलाव पाव्हणं? हे तर उत्तम आहे की!" मग माझ्या बायकोकडे वळून त्यांनी जाहीर केलं, "मुलगी पसंत." मुलाला कुणी विचारलंच नाही. त्याची पसंती दोन दिवसांनी फोनवर कळली.

सोयरीक जमल्यावर व्याही दर रविवारी येऊ लागले आणि मला माझ्या डोक्याची माहिती होऊ लागली. "तुमच्या डोक्यावर एक गाव वसलंय, व्याही," ते चहाची बशी खाली ठेवून सुरू करत. "त्यात एक बुरशी राहते. यीस्ट म्हणतात तिला. ती जगातल्या झाडून सगळ्या डोक्यांवर असते. तुमच्या, माझ्या, देवळातल्या पुजाऱ्याच्या. शिवाय जिवाणूंची दोनतीन घराणी. डोक्याला जे तेल सुटतं त्यावर हे सगळे जगतात. शेजार नीट असला की गाव शांत. पण बुरशी माजली, जिवाणूंचं फिसकटलं, की गडबड झालीच म्हणून समजा. बुरशी तेल खाते आणि उष्टं टाकते. ते उष्टं काही जणांच्या कातडीला सोसत नाही. मग कातडी घाबरते आणि घाईघाईने कात टाकते. तो तुमचा कोंडा. घाण नाही, पाप नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घाई आहे नुसती." एवढं बोलून ते माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारत, त्या थापेने खांद्यावरून जे उडे ते उन्हाच्या तिरिपेत बघत राहत, आणि मी बायकोने बघितलं का ते बघत राही.

आमच्याकडे दर शनिवारी माझ्या डोक्याला खोबरेल चोळायचा रिवाज होता. डोकं कोरडं पडतं म्हणून कोंडा होतो, हे बायकोने तिच्या आईकडून आणलेलं ज्ञान. व्याह्यांनी ते ऐकून कपाळावर हात मारला. "कोरडं कुठलं? तुम्ही बुरशीला दर शनिवारी पंगत घालताय की विहीणबाई!" त्या रविवारी बायकोने त्यांच्या चहात साखर घातली नाही. व्याही तो तसाच प्याले आणि साखर कमी खाणं चांगलंच म्हणाले. मी एकदा चिडून विचारलं, "मग सगळंच मारून टाकू का औषध ओतून?" तर ते लहान मुलासारखे दुखावले. "अहो, सगळं गाव कशाला उठवताय? चांगली माणसंही आहेत तिथं."

घरात हे एक वेळ सोसलं असतं. पण व्याह्यांना घर आणि रस्ता यांतला फरकच कळत नाही. शेंगाचटणीच्या दुकानात रांगेत उभे असताना ते पुढच्या अनोळखी माणसाचा खांदा बोटाने टिपतात आणि भिंगाखाली धरून त्याला म्हणतात, "हिवाळ्यात वाढतं ना हो?" नव्वद टक्के माणसं भांडायला उठतात, आणि त्यांच्या शेजारी मी असतो. एकदा माझा एक जुना सहकारी गेला म्हणून आम्ही त्याच्या मुलाला भेटायला गेलो. मी आयुष्यात इतकं तोंड कधी लपवलं नसेल. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि व्याही त्या पोराच्या डोक्याकडे टक लावून. शेवटी त्यांना राहवेना. त्याच्या शेजारी सरकून हळूच म्हणाले, "फार जागरणं झाली का रे? ताणाने वाढतं हे. वडिलांची सेवा केलीस, त्याची खूण आहे ती." मी जमिनीत गडप व्हायची वाट बघत होतो. तो पोरगा, इतके दिवस कोरडा राहिलेला, व्याह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. बाहेर आल्यावर मी चपला शोधायला लागलो. व्याही मात्र आपल्या खांद्यावर काय पडलंय ते बघण्यात गुंग होते.

लग्नात वरपक्षाकडून मला आहेर आला तो एका जाकिटाचा. रंग गडद निळा, इतका गडद की दिव्याखाली काळाच. "असला रंग कुणी आहेरात देतं का?" बायको फणफणली. रंग व्याह्यांनी स्वतः निवडला होता. "यावर छान उठून दिसेल," असं ते दुकानात म्हणाल्याचं जावयाने पुढे मला सांगितलं. आहेर अंगावर घालूनच व्याहीभेट घ्यायची, नाहीतर अपमान. तेव्हा मी सकाळी दोनदा न्हालो, पाच मिनिटं थांबलो, देवाचं नाव घेतलं आणि ते जाकीट चढवलं. मांडवाच्या दारात सनई सुरू झाली, दोन्ही बाजूंच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही एकमेकांना कडकडून मिठी मारली, आणि मिठीत असतानाच मला खांद्यावर काहीतरी चिकटवून ओढल्याचं जाणवलं. व्याह्यांनी चिकटपट्टीवर नमुना घेतला होता. फोटोग्राफरने तो क्षण नेमका पकडला आहे. लग्नाच्या आल्बममधल्या त्या फोटोत मी हसतोय आणि व्याही माझ्या गळ्यात पडून, एक डोळा मिटून, भिंगातून माझा खांदा न्याहाळतायत. घरी येताच मी ते जाकीट डांबराच्या गोळ्या घालून एका सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि कपाटाच्या तळाशी टाकलं.

तो नमुना घेऊन ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. ही बुरशी म्हणे साध्या खाण्यावर वाढत नाही, तिला वर तेलाचा थर द्यावा लागतो. "अगदी तुमच्यासारखी हो, तर्री असल्याशिवाय जेवत नाही," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मग काही दिवसांनी सकाळीच फोन. बायकोने उचलला आणि स्पीकरवर टाकला. समोर शेजारचे दोघे बसलेले. "व्याही! तुमचं आलंय! काय सुंदर आलंय हो!" शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं. त्यांना वाटलं पेन्शनचा फरक आला. संध्याकाळी दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काचेच्या ताटलीचा फोटो पडला. त्यात दुधी रंगाचे ठिपके, आणि खाली व्याह्यांनी टाइप केलेलं: 'आमच्या आदरणीय व्याह्यांच्या डोक्यावरील वसाहत. सर्वांनी बघावी.' वैरागपासून पुण्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी बघितली. कुणी अंगठा पाठवला, कुणी फुलं, कुणी हात जोडले. माझ्या धाकट्या भावाने मेणबत्ती पाठवली, ती चुकून पाठवली असं तो अजून म्हणतो.

मग मात्र माझा बांध फुटला. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच म्हणालो, "व्याही, एक मागणं आहे. माझ्या देखत, माझ्या माणसांत, यापुढे डोक्याचा विषय काढायचा नाही. कुणाच्याच डोक्याचा. मला फार लाज वाटते हो." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला आठवतं तसं, त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. "बरं," ते म्हणाले. "तुम्हाला अजून लाज वाटत होती व्हय? मला कळलंच नाही." भिंग त्यांनी खिशातून काढून मेजाच्या खणात ठेवलं. "तुम्ही परत बोला म्हणेपर्यंत नाही बोलणार. शब्द दिला."

आणि त्यांनी तो पाळला. असा पाळला की मलाच कोंडल्यासारखं झालं. रविवारी येत, मांडीवर हात ठेवून बसत, ज्वारीचा भाव विचारत, ऊन फार आहे म्हणत आणि उठत. शेंगाचटणीच्या रांगेत पुढच्या माणसाचा खांदा पांढरा झालेला दिसला तरी ते दुकानाच्या पाटीकडे बघत. मुलगी म्हणाली, "बाबा, ते घरातही गप्प असतात. तुम्ही काही बोललात का?" मी म्हटलं, वय झालं की माणूस शांत होतो.

मधल्या काळात मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली, नातू झाला, आणि बायकोने त्याची टाळू भरायला घेतली. टाळू भरायची म्हणजे बाळाच्या माथ्यावरची मऊ जागा तेलाने थापटायची. आमच्याकडे ती थोडीथोडकी भरत नाहीत, तेल कपाळावर ओघळेपर्यंत भरतात. थोड्याच दिवसांत त्याच्या डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरल्या. बायकोने आणखी तेल घातलं. व्याही नातवाला बघायला येत, त्याला मांडीवर घेत, त्या खपल्यांकडे बघत, तोंड उघडत, माझ्याकडे बघत आणि तोंड मिटत. गिळलेले शब्द गळ्याखाली उतरताना मला दिसत होते. मुलगी सासरी गेल्यावरही आजीची शिकवण म्हणून तेल चालूच राहिलं.

जावळ काढायचा कार्यक्रम व्याह्यांच्या घरी होता, होटगी रस्त्याला. मामाच्या मांडीवर बाळ बसवायचं, म्हणून माझा मुलगा पाटावर बसला. काढलेले केस आत्याने पदरात झेलायचे असतात. बाळाला सख्खी आत्या नाही, तेव्हा तो मान व्याह्यांच्या थोरल्या बहिणीकडे, वैरागच्या आत्याबाईंकडे गेला. त्या डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, त्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी पसरून समोर बसल्या. न्हाव्याने यंत्र फिरवलं. बाळाने घर डोक्यावर घेतलं. केस उतरत गेले तसतशी खाली दडलेली खपली उघडी पडत गेली, आणि शेवटी सगळं डोकं मोकळं झालं तेव्हा माथाभर पिवळे पापुद्रे सगळ्यांना दिसले.

"अगं बया!" आत्याबाई ओरडल्या. "ह्ये काय गं? खवडं हायती की लेकराच्या डोस्क्यावर!" मग त्यांचा आवाज चढला. "आमच्या घराण्यात असलं कुणालाच न्हाय. ह्ये माहेराकडनं आलंय. त्या आजोबाच्या खांद्यावर बघा की जरा. आन् सूनबाईबी उठता-बसता डोस्कं खाजवती, मी काय आंधळी न्हाय. लगीन ठरवताना सांगाय नगं व्हतं का?"

माझी मुलगी औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. सात महिने धड झोप न मिळालेली पोर. ती माझ्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच नव्हती. तिने एक हात सोडून हळूच आपल्या खांद्यावर फिरवला, झटकल्यासारखा. तो हात माझा होता. बँकेत जन्मभर मी तसाच हात फिरवत आलो होतो, आणि कुणी न शिकवता तिने तो उचलला होता. मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी त्या ताटलीच्या फोटोनेही वाटली नव्हती. माझी लाज मी कपाटात घालून ठेवली असं मला वाटत होतं, आणि ती तर माझ्या लेकीच्या अंगावर होती.

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. त्यांच्यापाशी सगळी उत्तरं होती आणि त्यांनी ओठ आत ओढून धरले होते. ते माझ्याकडे बघत होते, नुसतं बघत होते. शब्द मला दिलेला होता.

मी उठलो. "व्याही," मी म्हटलं, "ती छत्री आणा इकडे."

"बोलू?" त्यांनी विचारलं.

"बोला. सगळ्यांसमोर बोला. पण आधी छत्री उघडा आणि उलटी धरा."

व्याह्यांनी छत्री उघडून उलटी धरली. मी त्या काळ्या कापडावर वाकलो आणि दोन्ही हातांनी आपलं डोकं खसाखसा चोळलं, तिजोरीच्या खोलीतही कधी चोळलं नव्हतं तसं. जन्मभर जपलेली माझी सात्त्विकता त्या छत्रीत पडताना न्हाव्यासकट सगळ्यांनी बघितली. कान इतके तापले होते की मला बाळाचं रडणंही ऐकू येईना. सरळ झालो आणि म्हटलं, "हे माझं आहे. लेकीला माझ्याकडून मिळालं असेल. तिने काही लपवलेलं नाही, तिने तर बघायला आलात तेव्हाच सांगितलं. लपवलं ते मी."

आणि मग व्याही बोलले. इतक्या महिन्यांचं साचलेलं बोलले. गाव, बुरशी, जिवाणूंची घराणी, उष्टं, घाई, सगळं. "आणि बाळाचं तर काहीच नाही," ते म्हणाले. "आईकडून पोटात असताना मिळालेल्या हार्मोनमुळे तान्ह्या पोराच्या डोक्याला तेल जास्त सुटतं. त्यात आपण टाळू भरली. भरा की! खपली मऊ व्हायला तेल लावा, पण मग धुवा. पंगत उठली की पत्रावळी उचलतो ना आपण? इथं पंगत उठतच नव्हती. आपोआप जाईल हे, दुखत नाही, खुपत नाही." माझ्या बायकोने पहिल्यांदाच त्यांच्यापुढे मान डोलावली. "आणि आमच्या घराण्यात नाही म्हणतेस ताई? थांब." त्यांनी छत्री फिरवायला सुरुवात केली. आधी स्वतःची झालर चोळली. मग त्यांच्या पत्नीने, मग जावयाने, मग बार्शीहून आलेल्या, कीर्तन करणाऱ्या एका काकांनी. कुणाचं थोडं, कुणाचं भरपूर, पण छत्री कुणी कोरी सोडली नाही. "सर, माझंबी बघता का?" न्हाव्याने विचारलं.

शेवटी छत्री आत्याबाईंपुढे आली. त्यांना उठून जाता येईना, कारण पदरात जावळ होतं आणि ते खाली ठेवायचं नसतं. "मला न्हाय म्हणले की!" त्या ओरडल्या. व्याह्यांनी त्यांच्या डोक्यावरचा पदर हलकेच मागे सारला आणि न्हाव्याची फणी फिरवली. काळ्या कापडावर भुरभुर पडलं. आत्याबाई त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "मला वाटायचं म्हातारपणाचं हाय. म्हणून तर मी डोईवरचा पदर कवा काढत न्हाय. हे व्हते तवाबी न्हाय काढला." नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. व्याह्यांनी फणी खाली ठेवली आणि बहिणीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. थोड्या वेळाने आत्याबाई माझ्या मुलीला म्हणाल्या, "ये गं हिकडं. तबक खाली ठेव. लेकराला घे आदी, किती रडतंय."

नातवाचं डोकं आता स्वच्छ आहे, केस दाट आले आहेत, आणि व्याही त्याला रोज तपासून काही सापडत नाही म्हणून हळहळतात. म्हणजे हळहळत असत. अलीकडे व्याह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आहे. पडद्याचं काहीतरी झिजलं आहे, चष्म्याने भागत नाही. समोरचं मधोमध धूसर होतं आणि कडेचं तेवढं दिसतं, म्हणून बोलताना ते माणसाकडे न बघता त्याच्या कानाच्या बाजूला बघतात. भिंग अजून खिशात असतं, पण बाहेर निघत नाही. थंडीच्या सुरुवातीला ते आमच्याकडे आले होते. सवयीने माझ्या खांद्यावर वाकले, मान तिरकी केली, बोट फिरवलं. माझा शर्ट सायीच्या रंगाचा. "काहीच दिसत नाही हो," ते म्हणाले. "बरे झालात की काय, व्याही?" विचारताना त्यांचा आवाज असा पडला होता, जणू मी गाव सोडून चाललो होतो. त्या दिवशी माझ्या खांद्यावर मूठभर कोंडा होता, आणि तो त्यांना दिसला नाही याचं मला इतकं वाईट वाटेल असं मी कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कपाटाच्या तळातून चादर काढली, उलगडली आणि ते निळं जाकीट झटकलं. आठवडाभर औषधी शाम्पूला हात लावला नव्हता. बायकोने दारात मला बघितलं आणि कॉलर नीट केली. व्याही हल्ली दुपारनंतर गावातल्या तळ्याच्या काठी बाकावर बसतात. भर चारच्या उन्हात मी घरापासून तिथवर चालत गेलो, ओळखीच्या सगळ्या दुकानांसमोरून. लाज वाटली नाही असं म्हणणार नाही. कानाच्या पाळ्यांपर्यंत वाटली. व्यसनमुक्ती मंडळाचे चिटणीस पानपट्टीवर उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं आणि ते नमस्कार करायचं विसरले.

"व्याही, मी आलोय," मी शेजारी बसत म्हटलं. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि थबकले. मग ते पुढे वाकले, नाक जाकिटाला टेकेपर्यंत वाकले, डोकं तिरकं करून डोळ्याच्या कडेने बघत राहिले. हात आपोआप खिशाकडे गेला आणि भिंग बाहेर आलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दिसतंय. दिसतंय हो, व्याही." त्यांना फार वाकावं लागू नये म्हणून मी खांदा थोडा खाली केला.